गावाने भरलेली रजा



ना. म. जोशी हे नाव मुंबईत रोज हजारो लोकांच्या तोंडी असते, पण ते रस्त्याचे नाव म्हणून. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग, त्यावरचे पोलीस ठाणे, एवढाच बहुतेकांचा परिचय. हा माणूस आपल्या जिल्ह्यातला, माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचा, हे सांगितले की अलिबाग-पेणकडची मंडळीसुद्धा चमकून बघतात. जन्म १८७९ चा. जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ साली आले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेला ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले, १९२० मध्ये आयटक, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, हिच्या उभारणीत ते होते. त्यांच्या स्मरणार्थ बोलायचे म्हणून मी त्यांचे चरित्र सांगत बसणार नाही. त्यांनी ज्या प्रश्नाला आयुष्यभर हात घातला त्यातला एकच धागा उचलतो: कामगार आजारी पडला, तर त्या दिवसांचे पैसे कोणी भरायचे?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला पुढचे तपासून घेता येईल. या किनाऱ्यावर ते पैसे आजवर गावाने भरले. मालकाने नाही, सरकारने फारसे नाही. गावाने. आणि आता ते गावच जागेवर राहिलेले नाही, म्हणून कारखान्याच्या गेटवर भांडण दिसते.

गिरणीच्या दिवसांकडे बघा. कुलाबा-रत्नागिरीचा माणूस मुंबईच्या खात्यात कामाला. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जण, जेवण खानावळीत. असा माणूस तापाने पडला तर त्याची शुश्रूषा करायला खोलीत कोणी नसे. पाळी संपवून आलेल्यांना झोपायला जागा हवी असे. दोन दिवस कसेबसे काढायचे, मग गाववाल्याबरोबर भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसवून द्यायचे. गिरणीत त्याचा खाडा पडला की गेटवर उभ्या असलेल्या बदलीवाल्यांतून जॉबर, म्हणजे माणसे भरणारा मुकादम, दुसरा माणूस उचली. मालकाच्या दृष्टीने साचा थांबला नाही, म्हणजे आजार झालाच नाही. इकडे घरी मात्र त्याला पेज मिळे, घरच्या खाचरातला भात मिळे, बायको किंवा आई उठून पाणी देई. महिना-दीड महिन्याने अंगात ताकद आली की तो परत जाई, आणि आपली जागा परत मिळावी म्हणून जॉबरची मनधरणी करी. या सगळ्या दिवसांचे बिल गिरणीकडे कोणी पाठवले नाही. पाठवायचे असते हे कोणाला सुचलेही नाही.

सुचले नाही म्हणतो, पण बाहेरून आलेल्यांच्या ते नजरेत आले होते. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगाने, ज्याला आपण व्हिटली आयोग म्हणतो, नोंदवले की गाव हा मजुराचा आजारपणातला, बाळंतपणातला, म्हातारपणातला आधार आहे आणि गावाशी असलेला त्याचा संबंध तुटू देऊ नये. ना. म. जोशी या आयोगाचे सभासद होते. ते सभासदत्व त्यांना महागात पडले. आयोगावर बहिष्कार घालावा की नाही यावरून १९२९ च्या नागपूर अधिवेशनात आयटक फुटली आणि जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. आयोगाने आजारविम्याचाही विचार केला, आजारपणाची आकडेवारी गोळा करा म्हणून सांगितले, हे मान्य. पण गावाचे कौतुक करताना एक प्रश्न त्या अहवालात मला कुठे भेटत नाही: या आधाराचा हप्ता कोण भरते? गुडघाभर चिखलात लावणी करणारी बाई भरते. मुंबईच्या गिरणीमालकाच्या नफ्यात तिच्या घरच्या तांदळाचा वाटा होता, आणि ती गिरणीत एक दिवसही गेली नव्हती.

जोशींना हा हिशेब कळत होता असे मला वाटते, कारण १९२४ मध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूतिरजेचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. चार वर्षांनी मुंबई प्रांताच्या कौन्सिलात तसाच प्रश्न आला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा देताना मुद्दा नेमका पकडला: बाईच्या श्रमातून मालकाला फायदा होतो, तर तिच्या विश्रांतीच्या खर्चातला काही भाग त्याने उचललाच पाहिजे. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. बाळंतपण ही दया दाखवायची गोष्ट राहिली नाही, ती हिशेबाची बाब झाली. आजारपणाला तिथपर्यंत पोचायला आणखी वीस वर्षे लागली.

खरे तर मागणी जुनी होती. कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज केला, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर हेही होते की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज करा. रविवार १८९० मध्ये मिळाला. जखमेची भरपाई १९२३ च्या कायद्याने आली. साध्या तापाला, क्षयाला, हगवणीला १९४८ उजाडले. दुसऱ्या महायुद्धात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खाते सांभाळत असताना प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ मध्ये आरोग्यविम्याचा अहवाल दिला, त्यातून कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे ईएसआय, निघाला, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. लोखंडे स्वतः १८९७ च्या फेब्रुवारीत गेले. मुंबईच्या प्लेगात ते रुग्णांसाठी राबत होते. त्याच प्लेगाने त्यांना नेले.

आता ही ईएसआय चालते कशी ते सांगतो. इथे जमलेल्यांपैकी पुष्कळांच्या पगारातून तिची वर्गणी कापली जाते, पण ती किती आणि कशासाठी हे पगारपत्रक हातात घेऊन कोणी विचारत नाही. २०१९ च्या जुलैपासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. पंधरा हजार पगारावर कामगाराचे ११३ रुपये. पगाराची मर्यादा २१ हजार. त्यावर गेलात की योजनेबाहेर. आजारी पडलात तर सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के, लागोपाठच्या दोन लाभ-मुदतींत मिळून ९१ दिवसांपर्यंत. क्षय, कर्करोग अशा दीर्घ आजारांना ८० टक्के आणि बराच जास्त काळ. कागदावर ही रक्कम वाईट नाही. पण त्यात दोन खाचा आहेत. पहिली: आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आपल्याकडचा माणूस पहिले दोन दिवस दवाखान्यात जातच नाही. गवती चहा, काढा, मेडिकलवाल्याने दिलेली गोळी. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो तेव्हा दाखला तिसऱ्या दिवसाचा मिळतो, आणि प्रतीक्षेचे दोन दिवस तिथून मोजायला लागतात. म्हणजे चार दिवस स्वतःच्या खिशातून. दुसरी खाच जास्त खोल. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनमधल्या आजाराचे पैसे. आज ताप आला तर गेल्या पावसाळ्यात तू किती दिवस भरलेस, असे हा कायदा विचारतो. कायम कामगाराला त्याचे काही वाटत नाही. ज्याला ठेकेदार दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देतो, त्याचे मात्र तिथेच अडते.

आणि आपल्या किनाऱ्यावर ब्रेकवाल्यांचीच गर्दी आहे.

त्यांच्यामागे आता गावही का उभे नाही, हे कळायला मला जमिनीकडे वळावे लागते. थळला आरसीएफचा खत कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये. त्याआधीच १९७० पासून सिडकोने पनवेल-उरणच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली होती. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात दास्तान आणि नवघर फाट्यांवर गोळीबार होऊन पाच माणसे गेली, आणि साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून निघाली. डोलवीला पोलाद, नागोठण्याला पेट्रोकेमिकल, धाटाव-रोहा, महाड. या सगळ्या इतिहासात नोकरीबद्दल भांडण झाले, मोबदल्याबद्दल झाले, आणि व्हायलाच हवे होते. पण खाचर गेले म्हणजे घरचा आजारपणातला भातही गेला, हे कुठल्या मोबदल्याच्या तक्त्यात धरले गेले? पूर्वी गिरणी मुंबईत आणि घर कोकणात होते. आजारी माणसाला परत यायला जागा होती. आता कारखाना घराच्या दारात आला आणि ज्या शेतावर आजारी माणूस पोसला जायचा ते शेत कारखान्याच्या कुंपणात गेले. माणूस राहतो घरीच, आणि आजारी पडला तर त्याला परतायला घर नाही. व्हिटली आयोगाने ज्या गावावर भरवसा ठेवला होता त्याची ही गत.

मी वकिली करतो, बहुतेक वेळा कामगारांच्या बाजूने, कधीमधी मालकाच्याही. आजारपणाचे जे तंटे माझ्याकडे येतात त्यांचा साचा ठरलेला आहे. नावे आणि कंपनी सोडून सांगतो. पोरगा ठेकेदाराकडे हेल्पर. पावसाळ्यात डेंगी होतो. बहिणीच्या मोबाइलवरून सुपरवायझरला फोन जातो, ‘सर, प्लेटलेट कमी झाल्यात.’ सुपरवायझर म्हणतो, ‘बरा हो, मग ये.’ माणसे वाईट नसतात. अठरा-वीस दिवसांनी पोरगा गेटवर जातो, तर गेटपास चालत नाही. ठेकेदार म्हणतो, आता माणसे भरली, पुढच्या महिन्यात बघू. कंपनीचा एचआर म्हणतो, तो आमचा माणूसच नाही. पुढच्या महिन्यात ठेकेदारच बदललेला असतो. तीन-चार महिने हेलपाटे घातल्यावर कोणीतरी त्याला वकिलाकडे धाडतो, आणि मी विचारतो, काढून टाकल्याचे पत्र आहे का? पत्र नसते. कारण त्याला कोणी काढलेलेच नसते. समोरची बाजू कोर्टात शपथेवर सांगते की तो स्वतःहून यायचा बंद झाला.

आजारी माणसाला नोकरीवरून काढता येत नाही, असा कायदा होता ना, असे तुम्ही विचाराल. होता. ईएसआय कायद्याचे ७३ वे कलम: आजारपणाचा लाभ घेत असताना, उपचार चालू असताना किंवा नियमाप्रमाणे दाखला असलेल्या आजारात कामगाराला बडतर्फ करायचे नाही, शिक्षा करायची नाही. वाचायला अतिशय भक्कम. पण मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर रजेची मुदत उलटून गेलेला कामगार आला. मिलच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कामाच्या छापील नियमांत, लिहिले होते की आठ दिवस विनारजा गैरहजर राहणाऱ्याने नोकरी सोडली असे समजावे. त्याने नंतर डॉक्टरचा दाखला हजर केला. न्यायालय म्हणाले, मालकाने शिक्षा केलेलीच नाही; स्थायी आदेशाप्रमाणे नोकरी आपोआप संपली, तिथे ७३ वे कलम लागत नाही. काढले नाही, तो गेला. साठच्या दशकातल्या त्या निकालापासून हे वाक्य आपल्या गेटवर जिवंत आहे, फक्त त्याला आता कायद्याचा आधार उरलेला नाही, निदान पूर्वीसारखा. १९९३ च्या डी. के. यादव विरुद्ध जेएमए इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आठ दिवस आला नाही म्हणून चौकशी न करता, म्हणणे ऐकून न घेता नाव कमी करणे हे नैसर्गिक न्यायाच्या आणि जगण्याच्या हक्काच्या विरुद्ध आहे. त्या कामगाराला कामावर परत घेण्याचा आणि मागचा निम्मा पगार देण्याचा हुकूम झाला. कायम कामगाराच्या खटल्यात मी हा निकाल ठेवतो आणि त्याचा उपयोग होतो. ठेक्यावरच्या पोराच्या खटल्यात निकाल दाखवण्याआधी मला हे सिद्ध करावे लागते की तो तिथे कामाला होता.

आता चार श्रमसंहिता आल्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. त्यांत काही चांगले आहे: भरपगारी रजेचा हक्क मिळायला पूर्वी वर्षात २४० दिवस भरावे लागत, ते आता १८०. पण स्थायी आदेश पूर्वी महाराष्ट्रात ५० कामगारांच्या कारखान्याला लागू होते. संहितेत ती मर्यादा ३०० झाली. धाटाव-महाडच्या पट्ट्यातल्या किती कारखान्यांच्या हजेरीपटावर ३०० नावे निघतील याचा अंदाज तुम्हीच करा. ठेकेदारांची माणसे मोजली तर गोष्ट वेगळी. मला त्या आठ दिवसांच्या नियमाचे प्रेम नाही. पण वाईट नियमसुद्धा छापलेला असला की त्यावर भांडता येते. सुपरवायझरच्या फोनवर भांडता येत नाही.

जो आजारी असून रजा टाकत नाही, त्याची नोंद तर कुठेच नाही. हजेरीत तो हजर असतो. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार जातो, शिवाय काही ठिकाणी महिन्याचा हजेरी बोनस पूर्णच बुडतो. एका तापाची किंमत तीन-चार दिवसांच्या मजुरीएवढी होते. म्हणून माणूस खोकल्याचे औषध पिऊन रात्रपाळीला रिअॅक्टरजवळ उभा राहतो. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरचा ड्रायव्हर खेपेवर असतो, तो अंगात ताप घेऊन गव्हाण फाट्याच्या रांगेत बसतो. मालकांच्या सभेत मला एकदा विचारले गेले की लोक खोटे दाखले आणतात त्याचे काय. आणतात. गणपतीला, शिमग्याला ‘मेडिकल टाकायचे’ हे कोकणात लपून केले जात नाही. पण ज्या माणसाला सणाची रजा मागून मिळत नाही तो आजार मागतो, आणि मग खऱ्या आजारावरही कोणी विश्वास ठेवत नाही. या भांडणात कामगारांची बाजूही पूर्ण स्वच्छ नाही, हे मी कामगारांच्या सभेतही बोलतो. टाळ्या पडत नाहीत.

आता समुद्राकडे. रेवदंडा, दिघी, श्रीवर्धन इकडची कितीतरी पोरे परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर आहेत. भारताने २०१५ मध्ये सागरी श्रम करार स्वीकारला. त्याप्रमाणे जहाजावर आजारी पडलेल्या खलाशाचा उपचार मालकाच्या खर्चाने, जहाजावर असेपर्यंत किंवा मायदेशी परत आणेपर्यंत पूर्ण पगार, आणि ही जबाबदारी आजार सुरू झाल्यापासून किमान सोळा आठवडे. त्याच गावातला त्याचा चुलतभाऊ मासेमारीच्या बोटीवर असतो. ३१ जुलैला बंदी संपते, त्याआधी त्याने मालकाकडून उचल घेतलेली असते. बोट बाहेर पडली की तांडेलाला डिझेल आणि बर्फाचा खर्च डोळ्यांसमोर दिसतो; एका माणसाच्या पोटात दुखते म्हणून बोट फिरवली तर सगळ्यांचीच फेरी बुडते. म्हणून आजारी माणूस आडवा पडतो, उलट्या करतो आणि जाळे ओढायला उठतो. किनाऱ्यावर राहिला तर उचलीतून दिवस वजा होतात. बोटमालक काही कारखानदार नव्हे. तो बहुधा त्याच कोळीवाड्यातला, कर्जात बुडालेला. इथे मालकावर बोट ठेवून सुटता येत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न कोणी उचलत नाही. मच्छीमार सोसायट्यांनी सवलतीच्या डिझेलच्या हिशेबातून प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम आजारनिधीसाठी बाजूला काढली तर निदान सुरुवात होईल. मी हे सुचवले तेव्हा एका सोसायटीच्या पदाधिकाऱ्याने मला चहा पाजला आणि विषय बदलला.

आणखी एक वर्ग आहे, तो किनाऱ्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उगवला. अलिबाग ते मुरुडपर्यंतच्या बंगल्यांचे राखणदार, माळी, स्वयंपाकाच्या बाया. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा देतो, पण वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे. बंगल्यावर एकच असतो. त्याला सोमवार ते गुरुवार आजारी पडायची मुभा आहे. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांची गाडी मांडव्याला उतरते. तो तापात असला की बायको गेट उघडते, टाकीत पाणी चढवते, पाहुण्यांच्या चादरी बदलते. पगार एकाचाच. जुन्या काळी सासरच्या शेतावर जी बाई गिरणीकामगाराचा आजार फेडत होती, तीच इथे वेगळ्या दारात उभी आहे.

करायचे काय, हे विचारायला लोक व्याख्यानानंतर थांबतात, म्हणून आताच सांगतो. आजारी पडलात तर फोनवर भागवू नका. दाखल्याचा फोटो सुपरवायझरला आणि ठेकेदाराला, दोघांनाही व्हॉट्सअॅपवर पाठवा; दोन निळ्या खुणा कोर्टात उपयोगी पडतात. ईएसआयची वर्गणी भरली जाते का ते आपल्या विमा क्रमांकाने स्वतः तपासा. ठेकेदाराने भरली नसेल तर मूळ कंपनीला भरावी लागते. ईएसआय कायद्यात मुख्य मालकावर ही जबाबदारी पहिल्यापासून होती, त्यामुळे ‘तो आमचा माणूस नाही’ हे उत्तर निदान वर्गणीच्या बाबतीत चालत नाही. ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक तोच ठेवायला लावा, नाहीतर तुमचे ७८ दिवस दोन खात्यांत विखुरतात. युनियनवाल्यांना माझे सांगणे वेगळे आहे. पुढच्या करारात पगारवाढीच्या आकड्यावर रात्री जागवताना एक ओळ घाला: ठेक्यावरच्या कामगाराला वर्षात किती दिवस भरपगारी आजाररजा, आणि रजेवरून परतल्यावर त्याचा गेटपास किती तासांत चालू. कंपन्या गावांना रुग्णवाहिका देतात, फीत कापायला बोलावतात. मी त्या कार्यक्रमाला गेलो तर व्यवस्थापकांना हेच विचारतो की गेल्या वर्षी तुमच्या ठेक्यावरच्या माणसांना मिळून किती दिवसांची पगारी आजाररजा मिळाली. अजून कोणी आकडा सांगितलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला मिळाला तर मला कळवा.